माजी सैनिकांच्या वास्तूंना वारस कोण?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग शहरालगत कार्नेगी नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली सुमारे पन्नास वर्षे कुलूपबंद होती. १९८० नंतरच्या दशकात तिचे दार उघडले गेले, तेव्हा आत ध्वज, तसबिरी, काचेच्या कपाटांत मांडलेल्या युद्धस्मृती आणि सभेच्या खुर्च्या असा सारा सरंजाम आढळला. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात लढलेल्या स्थानिक सैनिकांच्या संघटनेची ती बैठकीची खोली होती. १९०६ पासून हे वृद्ध सैनिक तेथे जमत. एकेक करून ते निघून गेले आणि १९३० नंतरच्या दशकात त्या खोलीला कुलूप लागले. पुढे २०१० मध्ये तिचा जीर्णोद्धार पूर्ण झाला आणि ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली.

ही खोली वाचली याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ती सैनिकांच्या स्वतःच्या इमारतीत नव्हती, ग्रंथालयाच्या इमारतीत होती. सैनिक संपले, पण ग्रंथालय संपले नाही. गावातील पिढ्यांमागून पिढ्या त्याच्या सभासद होत राहिल्या आणि त्यांच्या छपराखाली ती बंद खोली सुखरूप राहिली. ज्या हजारो वास्तू सैनिकांनी स्वतःच्या वर्गणीतून, स्वतःच्या मालकीच्या म्हणून बांधल्या, त्यांच्या नशिबी मात्र बहुधा असे छप्पर आले नाही. अमेरिकेच्या लहानमोठ्या गावांतून आज या वास्तूंचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा आहे. वरवर पाहता तो स्थावर मालमत्तेचा प्रश्न दिसतो. वस्तुतः तो वारसाहक्काचा आहे. मूलबाळ नसलेल्या संस्थेची मालमत्ता कोणाकडे जावी, असे त्याचे खरे रूप आहे.

सभासदत्वाची जाचक अट

अर्थशास्त्रात मंडळाच्या, म्हणजे क्लबच्या, सिद्धान्ताला प्रतिष्ठा मिळवून दिली ती जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ मध्ये लिहिलेल्या निबंधाने. एखादी सोय काही लोकांनी मिळून उभारली, तर तिचा खर्च वाटला जातो, पण सभासद वाढत गेले की गर्दीही वाढते. तेव्हा सभासदांची इष्ट संख्या किती, हा ब्युकॅनन यांचा प्रश्न होता. तेथे सभासद हवे तितके मिळू शकतात असे गृहीत आहे. परंतु ज्या मंडळाचे सभासद होण्यासाठी एखाद्या विशिष्ट युद्धात लढलेले असणे आवश्यक आहे, त्याची संख्या इतिहासाने एकदाच ठरवून टाकलेली असते. त्यानंतर ती फक्त घटू शकते. अशा मंडळाने इमारत बांधली म्हणजे नश्वर धन्याने दीर्घायुषी घर बांधण्यासारखे झाले.

याचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक ही संघटना. १८६६ मध्ये इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे ती स्थापन झाली. यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने लढलेल्यांनाच तिचे दार खुले होते. १८९० मध्ये तिच्या सभासदांची संख्या ४ लाखांवर गेली होती. हुतात्म्यांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा ३० मे हा दिवस तिनेच १८६८ मध्ये देशभर रूढ केला. सैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी तिने जो राजकीय दबाव आणला, त्याचे फळ १८९० च्या कायद्याच्या रूपाने मिळाले. गावोगावी तिची सभागृहे उभी राहिली. परंतु पुढच्या युद्धातील सैनिकांना आत घ्यावयाचे नाही, ही अट तिने कधीच शिथिल केली नाही. १९४९ मध्ये इंडियानापोलिस येथे तिचे अखेरचे अधिवेशन भरले, त्यास अवघे सहा वृद्ध सैनिक हजर होते. १९५६ मध्ये अखेरचा सभासद अल्बर्ट वुल्सन निवर्तला आणि त्याच्याबरोबर संघटनाही संपली.

सभागृहांचे काय झाले? काही नगरपालिकांनी घेतली, काही वाचनालये झाली, काही पहिल्या महायुद्धातून परतलेल्या तरुणांच्या नव्या संघटनेकडे गेली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या साहाय्यक संघटनेने काही जपली. उरलेली विकली गेली अथवा पाडली गेली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन येथील १८८५ चे सभागृह आज संग्रहालय म्हणून उभे आहे. शिकागो येथे १८९७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाची जी भव्य वास्तू उभारली गेली, तिच्या उत्तर भागात या सैनिकांचे स्मृतिदालन होते. १९७० नंतरच्या दशकात ती वास्तू पाडण्याची भाषा झाली, पण नागरिकांनी ती होऊ दिली नाही. आज तेथे शहराचे सांस्कृतिक केंद्र आहे आणि प्रवेशास पैसे पडत नाहीत. सैनिकांनी मागे ठेवलेला संग्रह शहराच्या ग्रंथालयाने सांभाळला आहे. येथेही तारणारा हात सार्वजनिक संस्थेचाच होता.

भरतीचे दिवस

विसाव्या शतकातील दोन मोठ्या संघटनांनी या अनुभवातून एक धडा निश्चित घेतला. अमेरिकन लीजन ही १९१९ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांनी पॅरिसमध्ये स्थापिली, तर व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स या संघटनेचे मूळ १८९९ मध्ये, स्पेनशी झालेल्या युद्धातून परतलेल्यांपर्यंत पोहोचते. दोघींनीही आपली दारे पुढच्या युद्धांतील सैनिकांसाठी उघडी ठेवली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लक्ष अमेरिकनांनी गणवेश घातला होता. साहजिकच युद्ध संपताच सभासदांचा पूर आला. लीजनची संख्या १९४६ मध्ये ३३ लाखांच्या घरात गेली.

आज ज्या इमारती प्रश्न होऊन बसल्या आहेत त्यांतील पुष्कळशा या भरतीच्या काळातील. बैठे बांधकाम, विटांच्या भिंती, समोर ध्वजस्तंभ आणि बहुधा निरुपयोगी झालेली एखादी तोफ, आत एक सभागृह, स्वयंपाकघर आणि बार. त्या बांधणारे गवंडी, सुतार, विजेचे काम करणारे हे पुष्कळदा सभासदच असत. शनिवारी-रविवारी स्वतःच्या हातांनी त्यांनी भिंती उभ्या केल्या. पुढे याच सभागृहांत गावाची लग्ने लागली, रक्तदान झाले, मतदान झाले, शुक्रवारी माशांचे जेवण आणि बुधवारी हाऊजीचा खेळ झाला. सभासद वारला म्हणजे त्याच्या अंत्यविधीनंतरचे जेवणही तेथेच. शाखेचा बार हा आर्थिक कणा होता. तेथील नफ्यातून इमारत चाले, गावातील मुलांचा बेसबॉलचा संघ चाले आणि एखाद्या विधवेच्या घरी हिवाळ्यात कोळसाही जाई.

या चित्राला दुसरी बाजू होती. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना वेगळ्या शाखांत बसावे लागे. व्हिएतनाममधून परतलेल्या तरुणांचे स्वागत ज्येष्ठांनी अनेक ठिकाणी थंडपणे केले. त्यांचे युद्ध हे खरे युद्धच नव्हे, अशी दूषणे त्यांना त्या बारमध्ये ऐकावी लागली. त्यांतील कित्येकांनी पुन्हा उंबरठा ओलांडला नाही. स्त्री-सैनिकांना तर पुष्कळ काळ कोणा सभासदाची पत्नीच समजले जाई. वारस हवे असताना वारसांनाच दारातून परत पाठविण्याचा हा प्रकार होता. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली.

घटते सभासद, न घटणारा खर्च

ओहोटीची कारणे अनेक आहेत. १९७३ मध्ये सक्तीची सैन्यभरती संपली आणि सैन्य लहान, व्यावसायिक झाले. गावातील प्रत्येक घरातून एकतरी जण सैन्यात जाऊन आलेला असावयाचा, ती स्थिती उरली नाही. रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अमेरिकनांच्या एकूणच सामुदायिक जीवनाच्या ऱ्हासाची जी मांडणी केली, ती येथेही लागू पडते. पण एक कारण विशेष विचार करण्याजोगे आहे. १९४४ चा प्रसिद्ध सैनिक पुनर्वसन कायदा संमत व्हावा म्हणून लीजनने जिवापाड खटपट केली होती. १९५६ पर्यंत सुमारे २२ लाख माजी सैनिक त्या कायद्याच्या आधारे महाविद्यालयांत शिकले. असंख्यांना घरासाठी कर्जे मिळाली. शिकलेला मनुष्य नोकरीसाठी दूर गेला, कर्जावर घेतलेले घर शहराच्या उपनगरात निघाले. संघटनेने आपल्या सभासदांचे सर्वांत मोठे कल्याण केले आणि त्या कल्याणाच्या वाटेनेच ते शाखेच्या जुन्या इमारतीपासून दूर गेले.

सभासद घटले म्हणून इमारतीचा खर्च घटत नाही. छप्पर गळते ते शंभर जणांसाठी तितकेच आणि तीस जणांसाठी तितकेच. विम्याचा हप्ता, हिवाळ्यातील उष्णतेचे इंधन, वीज, वाहनतळाची डागडुजी हे सारे स्थिर खर्च. ते कमी डोक्यांवर वाटले म्हणजे दरडोई बोजा वाढतो. बोजा वाढला म्हणजे वर्गणी वाढवावी लागते, आणि वर्गणी वाढली की आणखी काही जण गळतात. पूर्वी या दुष्टचक्रातून बार सोडवीत असे. परंतु मद्यपान करून वाहन चालविण्याविरुद्धचे कायदे कडक झाले, धूम्रपानावर बंधने आली, आणि संध्याकाळ घरी कुटुंबात घालविणाऱ्या पिढीला तो अंधारा बार आकर्षक वाटेनासा झाला.

मग इतर नागरिकांना सभासद करून घ्यावे, हा उपाय सहज सुचतो. तेथे करकायदा आड येतो. माजी सैनिकांच्या संघटनांना १९७२ पासून अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यात जी स्वतंत्र सवलत आहे, तिच्यासाठी किमान ७५ टक्के सभासद आजी अथवा माजी सैनिक असावे लागतात. दार फार उघडले तर सवलत जाते, मिटून घेतले तर सभासद जातात. २०१९ च्या कायद्याने लीजनच्या सभासदत्वाच्या अटी सैल केल्या. डिसेंबर १९४१ नंतर सन्मानाने सेवा केलेला कोणताही सैनिक, मग त्याच्या सेवाकाळात घोषित युद्ध असो वा नसो, आता सभासद होऊ शकतो. परंतु २०१० मध्ये तरुण माजी सैनिकांनी ज्या नव्या संघटना काढल्या, त्यांचा कल वेगळाच आहे. टीम रुबिकॉन आपद्ग्रस्तांच्या मदतीला धावते. टीम रेड, व्हाइट अँड ब्लू ही व्यायाम आणि मैदानाच्या निमित्ताने सैनिकांना नागरिकांत मिसळू देते. गावोगावी सभागृह बांधून बसण्याची त्यांना गरज भासत नाही.

इमारतीचे मोल मात्र जागेनुसार ठरते. वाढत्या शहराच्या कडेला असलेल्या शाखेखालची जमीन इतकी महाग झालेली असते की बांधकाम व्यावसायिकाचा देकार नाकारणे मूठभर वृद्धांना अवघड जाते. ओस पडत चाललेल्या गावात उलट प्रकार. तेथे इमारत फुकट देऊ केली तरी घेणारा पुढे येत नाही, कारण तिच्याबरोबर गळके छप्परही घ्यावे लागते. शाखेने आपली सनद परत केली तर मालमत्ता सामान्यतः राज्यशाखेकडे जाते, आणि राज्यशाखेला बहुधा भिंतींपेक्षा रोकड सोयीची असते. वाद होतात ते येथे. ज्या गावाने देणग्या दिल्या, ज्यांच्या बापजाद्यांनी विटा वाहिल्या, त्यांना त्या व्यवहारात मत नसते.

ऑस्ट्रेलियाने काढलेली वाट

इमारत टिकविण्याचा आणखी एक मार्ग ऑस्ट्रेलियात चोखाळला गेला. तेथील माजी सैनिकांची संघटना १९१६ मध्ये स्थापन झाली आणि १९४६ मध्ये तिचे सभासद ३ लाख ७० हजारांवर गेले. १९५६ मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याने नोंदणीकृत क्लबांमध्ये पैशाच्या जुगाराची यंत्रे कायदेशीर केली. सैनिकांच्या नावाने चालणाऱ्या क्लबांना त्यामुळे कुबेराचे भांडार सापडले. लहान सभागृहांच्या जागी मोठाले प्रासाद उठले. त्यांत भोजनगृहे आली, नाट्यगृहे आली, पोहण्याचे तलाव आले. परिसरातील कोणीही नागरिक सभासद होऊ लागला. आज त्या एका राज्यात अशी ऐंशी हजारांहून अधिक यंत्रे क्लबांत आणि मद्यगृहांत आहेत.

इमारती वाचल्या यात शंका नाही. पण त्या कोणाच्या राहिल्या? कायद्याने क्लब वेगळा आणि सैनिकांची शाखा वेगळी. शाखेची माणसे आपल्याच नावाच्या वास्तूत अल्पसंख्य झाली. संध्याकाळी ठरल्या वेळी दिवे मंद होतात, सारे उभे राहून हुतात्म्यांचे स्मरण करतात, आणि क्षणभराने यंत्रांचा खणखणाट पुन्हा सुरू होतो. त्या यंत्रांत पैसे घालविणाऱ्यांत निवृत्त आणि एकाकी माणसेही असतात. सैनिकांचे आश्रयस्थान चालविण्यासाठी शेजाऱ्याच्या व्यसनावर विसंबावे लागणे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पश्चिम ऑस्ट्रेलियाने ही यंत्रे कॅसिनोबाहेर येऊच दिली नाहीत. तेथील शाखांच्या इमारती त्यामुळे साध्या राहिल्या. पण ही गरिबी त्यांनी अब्रूनिशी निभावली.

ज्यांनी वेळीच विचार केला

याहून बरा मार्ग असू शकतो, हे दोन अमेरिकी शाखांनी दाखविले आहे. हॉलीवूडमधील लीजनची वास्तू १९२९ मधील, इजिप्शियन धाटणीची. तेथे १९८४ पासून १९९३ पर्यंत एका नाटकाचे प्रयोग होत राहिले. प्रेक्षक पात्रांमागून या खोलीतून त्या खोलीत जात, अशी त्याची रचना होती. भाड्याने शाखा तगली. पुढे चित्रपटव्यवसायात काम करणारे तरुण माजी सैनिक सभासद झाले आणि त्यांनी जुन्या सभागृहाचे सुमारे ४८० आसनांचे उत्तम चित्रपटगृह करून २०१९ मध्ये ते लोकांसाठी खुले केले. डेन्व्हर येथील व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्सची क्रमांक एकची शाखा ही १८९९ पासूनची. २०१४ मध्ये तिने शहरातील चित्रकारांच्या वस्तीत नवे बिऱ्हाड केले. तेथे सैनिकांनी काढलेली चित्रे लागतात, योगासनांचे वर्ग चालतात आणि रस्त्यावरून जाणारा नागरिक आत डोकावू शकतो.

हॉलीवूड आणि डेन्व्हर ही मोठी शहरे आहेत, प्रत्येक खेड्याला असे चित्रपटगृह काढता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अर्थशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर गळक्या सभागृहात अडकून पडलेले भांडवल मोकळे करून आजारी, बेघर अथवा मनाने खचलेल्या सैनिकांवर खर्च करणे अधिक न्याय्य नाही काय? पुष्कळ ठिकाणी याचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. इमारत विकणे म्हणजे हुतात्म्यांशी द्रोह करणे, असे मानण्याचे कारण नाही. परंतु विक्री कोणी ठरविली, केव्हा ठरविली आणि पैसा कोठे गेला, हे तीन प्रश्न राहतातच. दोनशे सभासद असताना सर्वांनी बसून घेतलेला निर्णय निराळा. बारा सभासद उरले असता, थकलेल्या खजिनदाराने विम्याचा हप्ता चुकवावा आणि मग येईल त्या देकारावर सही करावी, हे निराळे. पहिल्या प्रकारात घर मृत्युपत्र करून दिले जाते, दुसऱ्यात ते बेवारस निघते.

आपल्याकडे माजी सैनिकांच्या वास्तूंची घडण मुळातच निराळी आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांनी दोन्ही महायुद्धांत आणि नंतरही सैन्याला माणसे पुरविली. पण जिल्ह्याच्या ठिकाणी दिसणारी सैनिक विश्रामगृहे आणि सैनिकांच्या मुलांची वसतिगृहे ही मुख्यतः शासनाच्या सैनिक कल्याण यंत्रणेच्या आधाराने उभी आहेत. तेथे सभासद संपले म्हणून दार बंद होण्याची भीती नाही. मात्र माणसाला स्वतः वाहिलेल्या विटेबद्दल जी माया असते ती सरकारी भिंतीबद्दल सहसा नसते. सरकारी मालकीत चिरंतनत्व आहे, सभासदांच्या मालकीत जिव्हाळा आहे. कार्नेगीच्या त्या खोलीत या दोहोंचा योग जुळून आला होता. जिव्हाळा सैनिकांचा होता आणि छप्पर सार्वजनिक होते.

अमेरिकेतील शाखांना अजूनही काही अवधी आहे. वाचनालय, नगरपालिका अथवा स्थानिक न्यास यांच्याशी त्या आज करार करू शकतात. शेवटचा सभासद असेपर्यंत जागा आमची, नंतर तुमची, पण एक दालन आमच्या स्मृतीचे राहील आणि सभागृह गावासाठी खुले राहील, एवढी अट त्यात घालता येते. भिंतीवरील तसबिरींची, ध्वजांची आणि नावांच्या पाट्यांची यादी, ज्यांना ती माणसे ठाऊक आहेत त्यांच्या हयातीत करता येते. या कामाला पैशापेक्षा वेळ अधिक लागतो. दुसऱ्या महायुद्धातील दीड कोटीहून अधिक सैनिकांपैकी आज लाखभरही हयात नाहीत. व्हिएतनाममध्ये लढलेले बहुतेक जण सत्तरी ओलांडून गेले आहेत आणि शाखांच्या कार्यकारिणीत आज पुष्कळ ठिकाणी तेच बसलेले आहेत. ज्यांचे या दारात एकेकाळी स्वागत झाले नव्हते, त्यांच्याच हाती आता किल्ल्या आहेत. त्या कोणाच्या हाती द्यावयाच्या, हे त्यांनी शांतपणे, पुरेसे सभासद भोवती असताना ठरविले पाहिजे.